पाण्याखालचा श्वास आणि घरगुती यंत्र

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या थोडे आधी नववीतील दोन विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. एकाच्या खांद्यावर बागेला पाणी घालण्याच्या नळीचे वेटोळे होते, दुसऱ्याच्या हातात वहीचे एक पान. पानावर सुबक आकृती काढलेली होती. नदीच्या तळाशी एक मनुष्य बसला आहे, त्याच्या कमरेस दगड बांधले आहेत, तोंडात नळी आहे आणि नळीचे वरचे टोक तेलाच्या रिकाम्या डब्याला बांधून पाण्यावर तरंगत ठेवले आहे. वर ठळक अक्षरांत नाव घातले होते : 'घरगुती स्कूबा'. काली सिंधच्या डोहात दहा फूट खोल बसून मासे पाहावयाचे आणि पुढे तेच यंत्र विज्ञान प्रदर्शनात मांडावयाचे, असा त्यांचा बेत होता. आमची परवानगी तेवढी हवी होती.

'नको' असे म्हणून त्यांना वाटेला लावणे अगदी सोपे होते. परंतु ज्या मुलास शिक्षकाने नुसते 'नको' म्हटले, तो मुलगा ती गोष्ट शिक्षकाच्या डोळ्याआड करतो, हा आमचा अनुभव आहे. डोह कोठे पळून जाणार नव्हता आणि सुट्टी तर तोंडावर आली होती. तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, आठ दिवस थांबा. तुमचे यंत्र आपण कोरड्यावरच तपासू. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शाळेतच संपलेला. म्हणून विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांस हाताशी धरले. त्या आठ दिवसांत मुले जेवढे शिकली, त्याहून अधिक आम्हीच शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

पाण्याखाली श्वास घेण्याची हौस फार जुनी आहे. दुर्योधन जलस्तंभनविद्येच्या बळावर द्वैपायन डोहात दडून बसल्याची कथा आपल्या घरोघर माहीत आहे. ॲरिस्टॉटलनेही पाणबुड्यांच्या श्वसननलिकेचा उल्लेख केला असून तिची तुलना हत्तीच्या सोंडेशी केली आहे : हत्ती खोल पाण्यातून जाताना सोंड वर धरून श्वास घेतो, तसेच हे. आमच्या मुलांची आकृती म्हणजे हीच सोंड होती. हत्तीला जे साधते ते माणसाला का साधू नये?

पहिली तपासणी अगदी साधी. मुलांची नळी आतून सव्वा सेंटिमीटर रुंद व साडेतीन मीटर लांब होती. ती पाण्याने भरली व ते पाणी मोजपात्रात ओतले. ते भरले सुमारे 430 घनसेंटिमीटर. आता शांत बसलेला मनुष्य एका श्वासात साधारणपणे अर्धा लिटर, म्हणजे 500 घनसेंटिमीटर हवा आत घेतो. त्यांपैकी सुमारे 150 घनसेंटिमीटर हवा नाक, घसा व श्वासनलिका यांतच अडकून राहते. ती फुप्फुसाच्या कामी येत नाही. नळीतील 430 व देहातील 150 मिळून झाले 580. म्हणजे मनुष्याने नळीतून सोडलेला उच्छ्वास नळीच्या बाहेर पडण्यापूर्वीच तो पुन्हा आत ओढणार! वरची ताजी हवा खाली पोचणारच नाही. आपलाच टाकलेला श्वास तो परत परत घेत राहील, त्यातील कर्बद्विप्राणिल वायू वाढत जाईल आणि थोड्याच वेळात डोके जड होऊन शुद्ध हरपू लागेल.

मुले हुशार. एकजण लगेच म्हणाला, "सर, नळी रुंद घेऊ." आम्ही म्हटले, हिशेब कर. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या तेवढ्याच लांब नळीत पावणेदोन लिटर हवा राहते. म्हणजे दुखणे चौपट झाले. "मग अरुंद घेऊ." अरुंद नळीतून हवा ओढताना छातीला किती कष्ट पडतात, हे शहाळ्यात घालावयाच्या नळीतून दोन मिनिटे श्वास घेऊन प्रत्येकाने बसल्या जागी पाहावे. बाजारात मिळणारी पोहण्याची श्वासनळी जेमतेम वीतभर-दीड वीत लांब का असते, याचे एक उत्तर येथे आहे. ती बनविणाऱ्याने नळीच्या बाबतीत कंजूषपणा केलेला नसतो.

परंतु खरा शत्रू नळीच्या लांबीहून निराळा आहे. तो म्हणजे पाण्याचा दाब. प्रत्येक मीटर खोलीस दर चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅम भार वाढतो. ही गोष्ट पुस्तकात सगळेच वाचतात व परीक्षेत लिहितात. पण छातीवर तिचा अर्थ काय होतो, हे कोणी मोजून पाहत नाही. छाती व पोट यांचा पुढील भाग हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर एक मीटर खोलीवर त्यावर 100 किलो, म्हणजे एक क्विंटल भार येतो. दहा फुटांवर तीन क्विंटल! सोनकच्छच्या मंडीत गव्हाची पोती रचताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे अधिक सांगावयास नको. आता कोणी विचारील, मग दहा फूट बुडी मारणारा चिरडून का जात नाही? कारण तो वरून छाती भरून जी हवा नेतो ती पाण्याच्या दाबाबरोबर आतल्या आत दाबली जाते आणि आतून तेवढाच प्रतिकार करते. नळीवाल्याची गोष्ट मात्र तशी नाही. त्याच्या फुप्फुसाचे दार नळीवाटे वरच्या मोकळ्या हवेत उघडे आहे. आत काठावरचा दाब, बाहेर डोहाचा दाब. ते तीन क्विंटल एकट्या बरगड्यांच्या स्नायूंनी प्रत्येक श्वासास उचलावयाचे.

हे पटविण्यासाठी कोणालाही पाण्यात उतरविण्याची गरज पडली नाही. शाळेमागील हौद पाच फूट खोल आहे. नळीच्या टोकास एक फुगा घट्ट बांधला, नळी बांबूला बांधली आणि फुगा हौदात सोडला. मुलांनी काठावर उभे राहून दुसऱ्या टोकातून फुंकावयाचे. एक फूट खोलीवर फुगा सर्वांनी फुगविला. तीन फुटांवर वर्गातील एक दणकट मुलगा, ज्यास सारे पहिलवान म्हणतात, त्याने चेहरा लालबुंद करून फुगा लिंबाएवढा केला. पाच फुटांवर पहिलवानाचेही काही चालेना. आणि हे फुंकण्याचे झाले. हवा आत ओढण्याची आपली शक्ती फुंकण्याच्या शक्तीहून कमीच असते. ऑस्ट्रियातील रॉबर्ट श्टिग्लर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रयोग स्वतःवर पाण्यात करून पाहिले, आणि सुमारे दोन मीटर खोलीवर त्याच्या हृदयास इजा झाली. छाती दाबली जात असताना आतील दाब मात्र कमी. त्यामुळे रक्त चोहीकडून छातीकडे धाव घेते व हृदय ताणले जाते. आणि हत्ती? निसर्गाने त्याची सोय निराळी केली आहे. इतर प्राण्यांत फुप्फुस व छातीची भिंत यांमध्ये एक पातळ पोकळी असते. हत्तीत ती जागा चिवट तंतूंनी भरून गेलेली आहे. ही तजवीज सोंड वर धरून पोहण्यासाठीच असावी, असे 2002 च्या सुमारास जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञाने सुचविले. ॲरिस्टॉटलची तुलना अशी अर्धीच खरी ठरली.

तेव्हा नळी रद्द झाली. पण मुलांचा हिरमोड करून चालणार नव्हते, आणि घरी यंत्र बनवून पाण्यात उतरणारी माणसे झालीच नाहीत असेही नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील जॉन लेथब्रिज हा लोकरीचा व्यापारी. पदरी सतरा मुले, आणि व्यापार बुडालेला. बुडालेल्या जहाजांतील संपत्ती वर काढावी, असे त्याच्या मनाने घेतले. 1715 साली तेथे मोठे सूर्यग्रहण झाले. त्या दिवशी याने स्वतःच्या फळबागेत एका पिंपात स्वतःला बंद करून घेतले आणि बाहेरून हवा न घेता अर्धा तास काढला. मग त्याने सहा फूट लांबीचे लाकडी यंत्र करविले. पाहण्यासाठी त्यात जाड काच बसविली आणि हात बाहेर काढण्यासाठी दोन भोके ठेवून तेथे चामड्याच्या बाह्या लावल्या. त्यात पालथे निजून तो साठ फुटांपर्यंत शेकडो वेळा उतरला. डच ईस्ट इंडिया कंपनीचे चांदी नेणारे एक जहाज मदीराजवळच्या पोर्तो सांतो बेटापाशी बुडाले होते. त्यातील चांदी याने वर आणली. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, लेथब्रिजने दाबाशी झुंज छातीवर न घेता पिंपाच्या लाकडावर घेतली. त्याची छाती वरच्याच दाबात होती. पाण्याचा मार खाल्ला तो बिचाऱ्याच्या उघड्या हातांनी.

दुसरा मार्ग म्हणजे दाबाशी झुंजूच नये. आत घ्यावयाची हवाच बाहेरच्या पाण्याएवढ्या दाबाची करून द्यावी. पाणबुड्या दोन मीटरवर असेल तर दोन मीटरच्या दाबाची, वीस मीटरवर असेल तर विसाच्या. आणि तीही तो श्वास घेईल तेव्हाच, एरवी थेंबभर नाही. ऐकावयास सोपे वाटते, पण येथवर यावयास 1943 साल उजाडावे लागले. फ्रेंच नौदलातील झाक कुस्तो व एमिल गान्यां नावाचा अभियंता यांनी हे साधले. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते, म्हणून मोटारी ज्वलनवायूवर चालविण्यासाठी गान्यांने एक झडप बनविली होती. इंजिनास लागेल तेवढाच वायू द्यावयाचा, हे तिचे काम. इंजिनाच्या जागी मनुष्य आणि ज्वलनवायूच्या जागी हवा, एवढाच फरक करावयाचा होता! ते यंत्र घेऊन दोघे हिवाळ्यात पॅरिसजवळच्या मार्न नदीवर गेले. आडवे पोहताना ते ठीक चालले. पण कुस्तो उभा राहिला की हवा आपोआप भसाभस वाहू लागे आणि डोके खाली केले की श्वास घेणे जड जाई. परतीच्या वाटेवर दोघांना कारण उमगले. उच्छ्वास बाहेर पडण्याचे तोंड आणि हवा देणारी झडप यांच्या उंचीत वीतभर अंतर होते, आणि पाण्यात वीतभर अंतर म्हणजेही दाबाचा फरक. दोन्ही तोंडे एकाच पातळीवर आणताच यंत्र वठणीवर आले. त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात ते उतरविले गेले. 'स्कूबा' हा शब्द म्हणजे पाण्याखालील स्वयंपूर्ण श्वसनयंत्राच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे होत.

झडपेची रचना अशी. एका डबीच्या मध्यावर रबराचा पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्याच्या एका बाजूस पाणी मोकळे येते, दुसऱ्या बाजूस तोंडात जाणारी हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की हवेच्या बाजूचा दाब किंचित कमी होतो, पाणी पडद्यास आत ढकलते, पडदा एका तरफेवर टेकतो आणि तरफ हवेचे दार उघडते. आतील हवा बाहेरच्या पाण्याएवढ्या दाबाची झाली की पडदा मागे सरतो व दार मिटते. किती द्यावे हे पाणीच ठरविते, हे या युक्तीतील मर्म आहे. पाठीवरच्या सिलिंडरात हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलो दाबाने कोंबलेली असते. ती एकदम तोंडात येऊ नये, म्हणून सिलिंडराच्या मुखाशी आणखी एक झडप बसवून दाब आधी पुष्कळ उतरवून घेतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतील प्राणवायूच्या झडपा मोडीच्या बाजारात स्वस्त मिळू लागल्या, आणि इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील हौशी लोकांनी घराच्या पडवीत अशी यंत्रे जुळविली. त्या काळी दुकानात विकत घेण्याजोगे फारसे काही नव्हते. आमच्या मुलांनी हे ऐकले मात्र, त्यांचे डोळे पुन्हा चमकू लागले. "सर, गॅसचे सिलिंडर?" स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीची चाचणी 25 किलो दाबास घेतात, तीत 200 किलोची हवा भरणे म्हणजे बाँब करून पाठीस बांधणे. "ऑक्सिजनचे?" 2021 च्या साथीपासून ही टाकी मुलांच्या ओळखीची झाली आहे. पण निव्वळ प्राणवायू सुमारे सहा मीटर खोलीवर विषासारखा होतो; मनुष्यास फेफरे येते, आणि पाण्याखाली फेफरे म्हणजे मृत्यू. "मग पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर?" इंदूर-भोपाळ रस्त्यावर अशी दुकाने कितीतरी आहेत. परंतु टायरला तेलाचा वास चालतो, फुप्फुसाला चालत नाही. शिवाय इंजिनाचा धूर हवा ओढण्याच्या तोंडाशी आला तर त्यातील कार्बन मोनॉक्साइड कोणासही न कळता नळीतून खाली उतरतो.

आणि एवढे सर्व जमले तरी वर येण्याचा प्रश्न उरतोच. एका श्वासात बुडी मारणाऱ्यास ही भीती नाही. तो जेवढी हवा घेऊन गेला तेवढीच घेऊन परततो. आमचे बालपण कोकणी बोलणाऱ्या किनाऱ्यावर गेले. तेथे खडकांवरचे शिनाणे काढण्यासाठी दम धरून बुड्या मारणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. घटकाभर ती खालीवर होत असतात. पण ज्याने खाली दाबाची हवा घेतली, त्याने वर येताना दम धरावयाचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागाशी दुप्पट होते. तिला वाट मिळाली नाही तर ती फुप्फुस फाडून वाट काढते. असे होण्यास दहा मीटरही लागत नाहीत; दीड मीटरदेखील पुरते. घाबरलेला मनुष्य काय करतो? तोंड गच्च मिटून वर धाव घेतो. म्हणजे यंत्र निर्दोष असले, तरी शिक्षण न घेतलेल्याचा घात त्याची स्वाभाविक भीतीच करते.

खोल व दीर्घ काळ राहणाऱ्याच्या रक्तात हवेतील नत्रवायू मुरतो आणि त्वरेने वर आल्यास सोड्याच्या बाटलीप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. किती वेळानंतर किती सावकाश वर यावे, याची कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून 1908 साली प्रसिद्ध केली. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला स्कॉटलंडच्या समुद्रात पाणबुड्याचा पोशाख घालून उतरविले होते. पोशाख मोठ्या माणसाचा, तो मुलास ढिला झाला व आत पाणी शिरू लागले. तरी मुलगा सुखरूप वर आला. तो मुलगा म्हणजेच पुढे 1957 साली भारतात येऊन स्थायिक झालेले व 1964 साली भुवनेश्वर येथे निवर्तलेले जे. बी. एस. हॉल्डेन. ही हकीकत आम्ही वर्गात सांगावयास नको होती. कारण "तेरा वर्षांच्या मुलास चालते, तर आम्ही चौदाचे आहोत" असे उत्तर तत्काळ मिळाले. त्या मुलाच्या दोराचे टोक वर नावेत कोणाच्या हाती होते, हे मग आम्हांस स्पष्ट करावे लागले.

ज्यांस खरोखरच शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था आहे. या विद्येने काय हाती लागते, याचेही उदाहरण किनाऱ्यावरच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी सुंची नावाच्या बुडालेल्या खडकापाशी एका जुन्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. त्यांत लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही मिळाले. आफ्रिकेहून गोव्याकडे कोणता माल येत होता, हे कागदपत्रांत नसले तरी त्या दातांवरून कळते. आम्हां इतिहास शिकविणाऱ्यांस हे वाचून पाण्यात उतरण्याचा मोह झाला, हे येथे कबूल करतो.

आता राहिले प्रदर्शन. घरी निर्धास्तपणे बनविता येईल असे एकच यंत्र आम्हांस सापडले, आणि गंमत अशी की त्याने मुलांचा मूळ हेतू पूर्ण होत होता. त्यांना हवे होते मासे पाहणे. श्वास घेणे हे त्याचे साधन होते. उघड्या डोळ्यांनी पाण्यात धूसर दिसते, कारण डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाची प्रकाश वळविण्याची शक्ती पाण्याला टेकताच जवळजवळ नाहीशी होते. डोळ्यापुढे हवेचा थर ठेवला की दृष्टी परत येते. मुलांनी प्लास्टिकची एक जुनी बादली घेतली, तळ गोल कापला, कडेने दोन बोटे काठ राखला, आतून पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा बसविला आणि मत्स्यपेटीचे काचकाम जोडणारा लांबीसारखा सिलिकोन सांध्यात भरून दोन दिवस वाळू दिला. काच घेऊ नये, ती फुटते. आतील बाजूस काळा रंग दिला, म्हणजे उजेडाची तिरीप येत नाही. सर्व मिळून खर्च एकशे दहा रुपये.

एका रविवारी सकाळी, घरची मोठी माणसे बरोबर घेऊन, आम्ही काली सिंधच्या काठी उथळ जागी गेलो. पाणी गुडघाभर होते. बादलीचा तळ चार बोटे पाण्यात दाबून मुलाने आत डोके घातले आणि कितीतरी वेळ वर काढलेच नाही. दगडांच्या आडोशाला लहान माशांचे थवे प्रवाहाच्या दिशेस तोंड करून जागच्या जागी उभे होते. एका दगडाखालून खेकड्याची नांगी तेवढी बाहेर दिसत होती. दुसरा मुलगा आपली पाळी येईना म्हणून काठावर चुळबुळ करू लागला. शेवटी पाळी ठरविण्यासाठी घड्याळ आमच्या हाती देण्यात आले : प्रत्येकाला पाच मिनिटे. पहिलवानानेही दोन पाळ्या घेतल्या.

प्रदर्शनात त्यांच्या मेजावर बादली, फुगा बांधलेला बांबू आणि मोजपात्र अशी मांडणी होती. मूळची आकृतीही त्यांनी शेजारी लावली होती. तिच्यावर लाल शाईने फुली मारून खाली हिशेब लिहिला होता : 430 अधिक 150 बरोबर 580. नळी शाळेच्या बागेस दिली आहे.